एकही गाठ नसलेलं पाणी

ह्या वयात फोन वाजला की मी आधी चप्पल शोधते, मग फोन उचलते. कोणी ना कोणी गेलेलंच असतं. दोन महिन्यांपूर्वी शहापूरहून भाच्याचा, सुरेशचा, फोन आला. "आत्या, बाबा गेले." म्हणजे माझा दादा. मुरबाडहून निघाले, गाडीत बसले, आणि रडू यायच्या ऐवजी मला चक्क झोप लागली. इतकी माणसं पोचवून झाली की डोळेसुद्धा दमतात...

आमचं घर न्हाव्याचं. आई लवकर गेली तेव्हा दादानं मला मुरबाडहून शहापूरला आपल्याकडे आणलं. सापगावची हजामत त्याच्याकडे होती, त्याबद्दल सुगीला खळ्यावर भात मिळायचं. त्या भातावर आमचं वर्ष निघायचं. तेव्हा जर्मनची लढाई चालू होती, बाटलीतली विलायती क्रीमं बाजारातून गायब झालेली, पण नवऱ्यामुलांना केस चापून बसवलेले हवेच असत. मग दादा धसईच्या बाजारातून कांडोळाच्या झाडाचा डिंक आणायचा, कुटून वस्त्रगाळ करायचा आणि केसांना लावायचं पाणी बनवायचा. ऐकायला सोपं. पण डिंकाची पूड पाण्यात पडली की बाहेरची फुगते, आतली कोरडीच राहते आणि गाठ होऊन बसते. मग दिवसभर ढवळा, ती फुटत नाही. म्हणून दादा गार पाणी काठीनं गरागरा फिरवायचा, भोवऱ्याच्या कडेला चिमटीचिमटीनं पूड भुरभुरायचा आणि मग दुपारपर्यंत भांड्याला हात लावू द्यायचा नाही. पूर्वी पूड आधी ग्लिसरिनमध्ये कालवायचा. लढाईत तेही मिळेना, तेव्हा तो पिठीसाखर मिसळायला लागला, कण एकमेकांना धरू नयेत म्हणून. पुडीच्या दहा चिमट्यांना साखरेची एक.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि जगात मला येत नाही असं काही नव्हतं. सापगावच्या पाटलाच्या मुलाचं लग्न, गोरज मुहूर्त. दादा सकाळीच नवऱ्याच्या दाढीला तिकडे गेला. जाताना म्हणाला, "पाणी मी येऊन करीन. तू हात लावू नको गो." झालं! तो वळणावर गेला नाही तोच मी भांडं काढलं. लवकर विरघळावं म्हणून पाणी उकळलं आणि सगळी पूड एकदम ओतली. मोठी हुशार ना मी... भांड्यात साबुदाण्याची खिचडी झाली. ती गुपचूप परसात पुरली. उरलेला डिंक कुटून पूड केली, आता चूक चालणार नव्हती. मग माझ्या डोक्यात आलं, एका चिमटीनं गाठ होत नाही, तर वाटीभर साखरेनं किती छान होईल! सणासाठी राखलेली साखर कुटून सगळी त्यात घातली, आणि ह्या वेळी गार पाण्यात अगदी दादासारखी भुरभुरली. पाणी असं झालं, जशी काच.

दादा दुपारी आला, रागवायला तोंड उघडलं आणि भांडं उजेडाकडे धरून बघतच राहिला. "एक पण गाठ नाय गो! माझ्यापेक्षा झ्याक केलंस." एवढ्या कौतुकावर साखरेचं कोण सांगतं?

संध्याकाळी मी बायकांत बसले होते. नवऱ्याचं डोकं समईच्या उजेडात चमकत होतं. मांडवाला जांभळीच्या डहाळ्या. अंतरपाट धरला आणि पहिल्या मंगलाष्टकेला नवऱ्यानं मान हलवली. दुसरीला खांदा. तिसरीला त्यानं दोन्ही हातांनी डोकं खाजवायला घेतलं, मुंडावळ्या खाली. डहाळ्यांवरून मुंग्यांची रांग थेट त्याच्या भांगात उतरली होती! पाटील ओरडला, "काय लावलास रे पोराच्या डोक्याला?" दादानं नवऱ्याच्या केसांवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग मान वळवून बायकांत मला शोधलं. मी पदराचं टोक चावत होते. तो पाटलाकडे वळला. "माझ्या हातनं चूक झाली, पाटील. साखर जास्त पडली."

त्या सुगीला दादा खळ्यावरून रिकामी गोणी खांद्यावर टाकून आला. सापगाव दुसऱ्या न्हाव्याकडे गेलं. ते वर्ष आम्ही नाचणीच्या आंबिलीवर काढलं आणि दादा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पुढे त्यानं शहापुरात खुर्ची-आरशाचं दुकान टाकलं, माझं मुरबाडला लग्न करून दिलं. खूप वर्षांनी, दोघंही म्हातारे झाल्यावर, एकदा धीर करून म्हटलं, "दादा, ती साखर..." तर म्हणाला, "का गो, चहात कमी पडली?" आणि हसत बाहेर निघून गेला.

परवा दादाच्या मागं राहिलेल्या उरल्यासुरल्या कामांसाठी शहापूरला गेले होते. पाय दुखायला लागले म्हणून दुकानात बाकावर टेकले. खुर्चीत एक लग्नाळू पोरगा बसला होता. सुरेशनं जेलची नवी बाटली उघडली, बोटावर थेंब घेतला आणि आधी जिभेला लावला. पोरगा हसला, "काय मामा, चटणी हाय का?" सुरेश म्हणाला, "आमचा बाबा असंच करायचा. विकतच्या क्रीमला पण सोडायचा नाय. मला पण सवय लागली. का करायचा, ते मात्र कधी बोलला नाय." मग माझ्याकडे वळून, "आत्या, तुला माहीत असेल?"

इतकी वर्षं त्या माणसानं गिऱ्हाइकांचं हसू सोसलं, पण पोटच्या पोराला माझं नाव सांगितलं नव्हतं.

"आहे माहीत," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं, परसात पुरलेल्या खिचडीसकट. खुर्चीतला पोरगा आरशातून टक लावून ऐकत होता. सुरेश हसला नाही. त्यानं कंगवा पुसून ठेवला. मग बाटली घेऊन माझ्यासमोर आला.

"मंग आज तूच चाख."

मी बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"कडू आहे," म्हटलं. "लाव."