टॅम्सिन होस्केनची चूल

आमच्या त्या कॉर्नवॉलमधल्या गावात मत माणसाला नव्हतं, चुलीला होतं. ज्याचं भांडं स्वतःच्या चुलीवर उकळतं, त्याने पार्लमेंटसाठी मत द्यायचं. म्हणून गावचे जमीनदार कर्नलसाहेब आपली घरं फक्त आपल्या बाजूच्या मतदारांना देत. पण वर्षभरात चर्चच्या धर्मादायातला एक घास जरी घरात आला, तरी मत बाद. आणि मत गेलं की घरही गेलं.

१८२६ सालच्या वसंतात आमच्या शेजारच्या डिगरी होस्केनच्या बरगड्या कथलाच्या खाणीत मोडल्या. कमाई थांबली. त्याची बायको टॅम्सिन मात्र रोज चूल पेटवून भांडं चढवायची.

"काय शिजतंय गं?" मी एकदा झाकण उचललं. आत नुसता रानपाला.

"मत शिजतंय. कर्नलच्या कारभाऱ्याला धूर दिसला म्हणजे झालं."

"आणि लव्हडे काय खाणार? धूर?"

लव्हडे तिची चार वर्षांची पोर. दोन आठवडे तापात होती, हाताची पार काडी झालेली.

"तू शेजारीण आहेस ना, मेरन? मग शेजारीच राहा," टॅम्सिन म्हणाली आणि माझ्या हातातलं झाकण हिसकावून घेतलं.

जूनमध्ये निवडणूक लागली. बाजारात लाकडी मंच बांधला होता. वर चढून, सगळ्यांसमोर, मोठ्याने नाव घेऊन मत द्यायचं. डिगरी काठी टेकत चढला.

"बरगड्या सगळ्या आणल्यास ना रे?" खालून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"दोन घरी ठेवल्यात, तुझ्या डोक्यात घालायला!" डिगरीनेही परतवलं.

विरोधी बाजूचा वकील पुढे आला. "आधी शपथ घे. घरात धर्मादाय आला नाही म्हणून."

"घेतो की!" डिगरीने बायबलवर हात ठेवला. हा माणूस खोट्या शपथेला नरकापेक्षा जास्त भ्यायचा.

माझ्या शेजारी टॅम्सिन उभी होती. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली.

"डिगरी, थांब!" ती किंचाळली. "घेऊ नकोस! मी आणलाय. पाव आणलाय, मंगळवारी, मागच्या दाराने."

वकिलाने हसत नावावर रेघ ओढली. कर्नलचा कारभारी मंचाखालूनच म्हणाला, "सोमवारपर्यंत घर रिकामं करा, बाई."

डिगरी एकेक पायरी उतरत तिच्यापाशी आला. मला वाटलं, आता काठी उचलतो.

"पोरीने खाल्ला ना?" त्याने विचारलं.

"अर्धा."

"आणि उरलेला?"

टॅम्सिनने मान खाली घातली. "तुझ्या वाडग्यात कुस्करला होता. तू म्हणालास, आज पाला बरा लागतोय."

डिगरीची काठी सुटली. तो तिथेच बाजारात, लोकांच्या पायांत बसला आणि तोंडात बोटं घालून तो पाव ओकून काढायला बघू लागला.