जो परत आला नाही, तो बरा

रजिस्टरात माझ्या नावापुढं 'बरा' असं मीच लिहिलं, आणि त्याच्या तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "कानामागचं हाड फोडावं लागेल. आजच."

मी तालुक्याच्या दवाखान्यात कारकून. रोग्यांचं रजिस्टर माझ्याकडं. नाव, गाव, वय, रोग आणि शेवटी परिणाम. रोगांची छापील यादी भिंतीला टांगलेली. तिच्यातला आकडा टाकला की काम झालं. डॉक्टर एक आणि रोगी ढीगभर, म्हणून रोगी आत जायच्या आधीच मी आकडा टाकून मोकळा होई. माणसानं पोटावर हात ठेवला की पोटाचा आकडा, कानावर ठेवला की कानाचा. कान उजवा की डावा, वाहतो की नुसता ठणकतो, याला रकाना नव्हता. आणि ज्याला रकाना नाही ती गोष्ट जगात आहे असं मला वाटत नसे.

महिनाअखेर रजिस्टर बंद करताना जो परत आलेला नसे, त्याच्यापुढं 'बरा' लिहायचं. हा शिरस्ता माझ्या आधीच्या कारकुनाचा. मी तो इमानानं पाळला.

माझा उजवा कान पोळ्याच्या सुमारास वाहू लागला. त्या कानावर टाक खोचायची माझी सवय. मी टाक डाव्या कानावर नेला आणि उपचार झाला असं समजलो. दवाखान्याच्या माणसाचाच कान वाहतो म्हटल्यावर लोक हसतील, ही एक भीती होतीच.

जानकी, माझी बायको, रोज सकाळी म्हणे, "अवो, डाक्टरच्या पुढ्यात बसता अन् त्यायले कान दाखवत नाही. काहून?"

मी म्हणे, "घाण निघून राह्यली. निघू दे."

शेवटी तिच्या बोलण्याला कंटाळून रजिस्टरात माझं नाव घातलं, कानाचा आकडा टाकला आणि डॉक्टरांना न विचारताच कानात टाकायचं औषध घरी नेलं. घट बसले त्या दिवशी कान एकाएकी कोरडा झाला. मी खुशीत आलो, महिनाअखेरीचीही वाट पाहिली नाही. लिहून टाकलं, 'बरा'.

त्याच संध्याकाळी ठणका सुरू झाला. मी लसणाचं कोमट तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, कानामागं लिंबाएवढी सूज आली आणि कान पुढं ढकलल्यासारखा दिसू लागला. आमच्या डॉक्टरांनी सुजेवर बोट टेकवलं मात्र, मी लहान पोरासारखा रडलो.

"मास्टॉइड," ते म्हणाले. मग माझं तोंड पाहून त्यांनी उलगडून सांगितलं. कानामागचं हाड आतून मधमाशांच्या पोळ्यासारखं असतं, बारीक बारीक पोकळ घरं. त्यांत पू कोंडला की तो वाट शोधतो. "आणि तिथून मेंदू बोटभरही लांब नाही, नामदेवराव. उद्या पहिल्या गाडीनं अकोला गाठा."

अकोल्याला द्यायची चिठ्ठी लिहिण्यासाठी त्यांनी रजिस्टर मागवलं. माझी ओळ काढली. एक आकडा आणि 'बरा'. त्यांनी ओळीवरून दोनदा बोट फिरवलं.

"यात काहीच नाही हो," ते हळूच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

गाडीत जानकीच्या मांडीवर डोकं ठेवून पडलो. रुळांचा प्रत्येक सांधा कानात फुटत होता. वाशीम मागं पडलं एवढंच कळलं.

अकोल्याच्या बाकावर तासभर बसल्यावर आत बोलावलं. "कधीपासून? मधे काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. तापात माझी जीभ जड झालेली. दुसऱ्यांचे रोग लिहिण्यात जन्म गेला आणि स्वतःचा सांगता येईना.

जानकी दाराशी पदर सावरून उभी होती. तिला अक्षरओळख नाही. ती म्हणाली, "मी सांगू का जी? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी उशीची खोळ धुतली. उजव्या अंगाले पिवळा डाग होता. तवापासून एक दिवसाआड धुवा लागे. पित्तरपाटात डागाले वास येऊ लागला. घट बसले त्या दिवशी खोळ कोरडी निंगाली. मले वाटलं, देवी पावली. पण त्याच दिवसापासून यायले भाकर चावता येत नाही."

डॉक्टर लिहीत होते. ती थांबली तेव्हा अर्धा कागद भरला होता.

"वाहायचा थांबला त्याच दिवशी यायला हवं होतं," ते म्हणाले. "थांबला म्हणजे बरा झाला नव्हे. कोंडला."

क्लोरोफॉर्मचा गोडसर वास, म्हणजे गुंगीच्या औषधाचा, एवढंच पुढचं आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा डोक्याला फेट्याएवढं बँडेज होतं. रोज जखमेतली कापडाची वात बदलत. त्या वेळी मी सगळ्या देवांची नावं घेई, काहींची दोनदा. जीव वाचला. त्या कानाचं ऐकणं मात्र गेलं.

पडल्या पडल्या इंझोरी गावची एक बाई आठवायची. आषाढात आली होती, कानामागं तळहात दाबून. मी कानाचा आकडा टाकला, तिनं औषध नेलं, परत आली नाही. महिनाअखेर मी लिहिलं, 'बरी'.

कामावर रुजू झाल्यावर बाजाराच्या दिवशी इंझोरीचा कोतवाल भेटला. त्याला विचारलं.

"थे? थे त गेली नं जी. पोळ्याच्या आधीच. तापातच."

मी घरी न जाता दवाखान्यात परतलो. तिची ओळ काढून 'बरी'वर रेघ मारली. त्या रेघेनं कुणाचं काही भलं झालं नाही, हे मलाही कळतं.

आता आकडा टाकायच्या आधी मी विचारतो : कोणता कान, कधीपासून, वाहतो का, वाहायचा थांबला का. रकाना नाही, म्हणून समासात लिहितो. जो परत येत नाही त्याच्यापुढं 'परत आला नाही' एवढंच. डॉक्टरांनी त्याला हरकत घेतली नाही. वाचणाऱ्यांना हात जोडून सांगणं एकच : कानात तेल ओतू नका, आणि वाहणारा कान एकाएकी कोरडा झाला तर नारळ फोडण्याआधी डॉक्टर गाठा.

अकोल्याहून आलो त्या दिवशी जेवायला बसलो, तर जानकी वाढायला डाव्या बाजूनं आली. आजवर ती उजवीकडूनच वाढत असे.

"काहून वं, बाजू बदलली?" मी विचारलं.

"उजव्यानं आयकू येत नाही ना आता तुमाले." तिनं भाकरी कुस्करून ताटात घातली, वर वरण ओतलं, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, "अन् येत होतं तवा तरी माझं कुठं आयकलं?"