पूजेतल्या लेथवर रायफलचं तोंड

"नळी खाली तोंड करून कुणी ठेवली? मामा, मी विचारतेय, कुणी ठेवली?"

माझी मुलगी ओरडत होती आणि तिचा मामा हातात अर्धा नारळ घेऊन उभा होता. उरलेला अर्धा तिच्या एअर रायफलला लागून कोपऱ्यात गडगडत गेला होता.

रबाळ्याच्या आमच्या वर्कशॉपच्या गाळ्यात दसऱ्याची पूजा नुकतीच आटोपली होती. कामगार पेढ्यांचे पुडे घेऊन घरी गेले होते. मामा म्हणजे माझा मेहुणा आणि भागीदार. हा माणूस नारळ फोडतो तेव्हा शेजारच्या गाळ्यातले लोक ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणून बाहेर येऊन बघतात. रायफल पूजेला मांडायची हौसही त्याचीच. "दसऱ्याला घरात शस्त्र असून पाने-पकडी पुजायच्या का?" नळी वर ठेवली तर नेम थेट गणपतीच्या फोटोवर जात होता. म्हणून त्याने मोठ्या भक्तिभावाने रायफल उलटी करून लेथला टेकवली, आणि तिच्या पुढ्यातच नारळ आपटला. अर्धी कवटी उडून दस्त्याला लागली, रायफल घसरली, आणि नळीचं तोंड लेथच्या बिडाच्या पायावर आदळलं. नळीच्या तोंडावर बसणारी, नेम धरायची पुढची साइट मुलीने पुसायला म्हणून काढून ठेवली होती, नाहीतर तो मार साइटने खाल्ला असता.

मी भिंग लावून बघितलं. नळीच्या तोंडाच्या कडेला, अगदी आतल्या बाजूला, खाच पडली होती. तांदळाच्या कणीएवढीही नाही, पण मला ती पारसिकच्या बोगद्याएवढी दिसली.

या कडेला क्राउन म्हणतात. छर्रा नळी सोडतो तेव्हा त्याचा शेवटचा स्पर्श या कडेला होतो. कड सगळीकडून सारखी असली तर मागची हवा सगळीकडून एकदम सुटते आणि छर्रा सरळ जातो. एका बाजूला खाच असली की हवा तिथून आधी निसटते आणि छर्ऱ्याला बाजूने धक्का बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवणाऱ्याच्या घरी कॅलेंडर नसावं. ज्युनियर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. दुसऱ्याची रायफल घेऊन उभं राहणं म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून पळणं. दस्ता तिच्या गालाला, खांद्याला जुळवून घेतलेला होता.

"बाबा, होईल का नीट?" आता ती ओरडत नव्हती. त्यापेक्षा ओरडलेलं बरं होतं.

रबाळ्यात माझ्याबद्दल अशी बोलवा आहे की मी एकदा डोक्याचा केस लेथवर बांधून त्याला आटे पाडले. ही बोलवा मीच पसरवली आहे. त्यामुळे "होईल" म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"ड्रिलला काउंटरसिंक लावा न् द्या एक फटका," मेहुणा म्हणाला.

"तू आता कशालाच फटका देऊ नकोस."

काउंटरसिंक म्हणजे भोकाचं तोंड पसरवायचं पातं, ते हातात थरथरतं. कड गोल व्हायची सोडून शेवेच्या साच्यासारखी लाटालाटांची होते. कार्बाइडच्या पात्याला वेग लागतो, आणि इतक्या बारीक कामात त्याची धार कापण्याऐवजी ओरबाडते. मला हवी होती हायस्पीड स्टीलची बिट, म्हणजे लेथवर कापायचं पातं, वस्तऱ्यासारखी धार लावलेली. पण धार लावायच्या बेंच ग्राइंडरवर झेंडूची माळ, लेथवर झेंडूची माळ. मी लेथच्या बटणाकडे हात नेला तर मेहुणा आडवा आला.

"दाजी, पूजा उठेस्तोवर मशीन चालवायची नाय. आपल्या बापजाद्यांनी आज विळासुद्धा उचलला नाय."

"तुझ्या भाचीचं वर्ष जाईल."

"म्हणून देवाला फसवायचं का?"

तो हे मनापासून बोलत होता, आणि खरं सांगायचं तर त्या बटणाची मलाही भीती वाटत होती. जिच्यावर पोट भरतं तिला तिच्या सुट्टीच्या दिवशी कसं उठवायचं? मुलगी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. मी डोकं खाजवलं.

"हे बघ. गाडी ढकलली तर गाडी चालवली म्हणतात का? पोलीस लायसन मागतो का?"

त्याने विचार केला. "नाय. ढकलली म्हणतात."

"मग बटणाला हात लावू नकोस. चक हाताने ढकल."

रायफलमधून नळी सोडवून मी चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरली. नळीची बाहेरची गोलाई आणि आतलं छिद्र एकाच मध्यावर असतील यावर विश्वास ठेवणारा माणूस लग्नातल्या फोटोवरही विश्वास ठेवतो. म्हणून छिद्रात घट्ट पिन बसवली आणि पिनेवर डायल गेज टेकवला, पिन केसभर डगमगली तरी याचा काटा हलतो. गेजही पूजेत होता. काचेवर नेमकं शून्यावर कुंकवाचं बोट. पुसायची हिंमत होईना. काटा कुंकवाआड जाऊन तिथेच थांबेपर्यंत मी चकाचे जबडे एकेक करून हलवत राहिलो.

खणाच्या तळाशी, पूजेतून सुटलेली, जुनी धार लावलेली एक बिट सापडली. ऑइलस्टोनवर ती इतकी घासली की अंगठ्यावरचे केस नुसत्या धाकाने गळून पडले. मग मेहुणा चक ढकलू लागला, जात्यावर बसल्यासारखा. मी आतून बाहेर कापत होतो, म्हणजे कडेला निघणारी लोखंडाची कोर, आमच्या भाषेत बर, छिद्राकडे न जाता बाहेर जाईल. कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. एक चंदेरी धाग्यासारखी चकली निघाली. मी श्वास कधी सोडला आठवत नाही, बहुतेक अजून आतच आहे.

"थांब मामा, हळू," मुलगी कुजबुजली.

"हळूच फिरवतोय बाय. याच्याहून हळू म्हणजे थांबणंच."

खाच गेली. नळीत कापसाचा बोळा कोंबला, पितळी गोल डोक्याच्या स्क्रूला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली आणि तो तोंडावर बोटांनी डोलवत फिरवला. कडेला चारी बाजूंनी सारखी चमकती रेघ उमटली. बोळा काढून नळी पुसली आणि कुठे बर उरली का ते बघायला कापसाचा इअरबड आतून बाहेर ओढला. कापूस एका जागी अडकला. परत स्क्रू, परत पेस्ट, परत इअरबड. या वेळी एक तंतूही अडकला नाही.

रायफल जोडून, साइट बसवून, शटर ओढून मुलीने गाळ्याच्या टोकाला नेमाचं कार्ड लावलं. पहिला छर्रा कार्डावरच्या काळ्या वर्तुळाबाहेर गेला. मेहुण्याने गणपतीच्या फोटोकडे पाठ केली. दुसरा पहिल्याच्या भोकात गेला. तिसराही. म्हणजे नळी बरोबर होती, साइट तेवढी सरकली होती. तिने साइट फिरवून नेम मध्यावर आणला, रायफल पिशवीत भरली आणि घरी येऊन झोपली. मी झोपलो नाही. रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे ती कड आतून सोलून निघत होती.

सकाळी शूटिंग रेंजबाहेर मेहुणा आणि मी इतका चहा प्यायलो की टपरीवाल्याने दूध परत मागवलं. दुपारी ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं?"

"घेतलं संघात. शेवटचं नाव माझं."

मेहुणा खाली बसला. मी विचारलं, "आणि क्राउन? तुमचे सर काय म्हणाले क्राउन बघून?"

"कुणी बघितलाच नाही," ती म्हणाली.