जमुनाबाईची पुसलेली फाइल

अर्जुनी मोरगावला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रेमिला शहारेचा कॉम्प्युटर क्लास होता. गोंदियाला मावशीकडे राहून डिप्लोमा केला आणि २००३ साली गावात येऊन तिने तीन जुने कॉम्प्युटर मांडले. वडील कवडू रोवणी-कापणीची मजुरी करत. ते सांगत, "पोरीनं लहानपणी घरचा रेडिओ खोलला. कायले खोलला म्हटलं, तं म्हणे, आत बोलते कोण, ते पाहून राहिली."

ही खोड मोठेपणीही गेली नाही. एका मासिकासोबत लिनक्सची फुकट सीडी आली, तेव्हा प्रेमिलाने ती एका मशीनवर चढवली आणि काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करून काय होतं ते बघत बसली. शिकायला येणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. तिला मात्र होता.

२००७च्या उन्हाळ्यात सेवकराम कापगते गुरुजी एक हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन आले. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते तलावाकाठचे शब्द गोळा करत होते. पाळीचे म्हणजे तलावाच्या बांधाचे, पाटाचे, गवताचे, मासोळ्यांचे. म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून त्यांनी तीन वर्षं आवाज टिपले होते, आणि ते सगळे या एकाच डिस्कवर होते.

"टकटक करते अन् बंद पडते," गुरुजी म्हणाले. "गोंदियाले दाखवली. दुकानवाला म्हणे, मर गई गुरुजी, नई डलवा लो."

"मरताना किती बोलते, ते पाहू," प्रेमिला म्हणाली.

तिने एका आज्ञेबद्दल वाचलं होतं, वापरली कधीच नव्हती. नाव दोनच अक्षरांचं, डीडी. ती फाइली बघत नाही, फोल्डर बघत नाही. डिस्कच्या पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत जे असेल ते जसंच्या तसं उचलून दुसऱ्या, कोऱ्या डिस्कवर ठेवते. आयएफ म्हणजे कुठून, ओएफ म्हणजे कुठे. या दोघांची अदलाबदल झाली की कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाणार, आणि आज्ञा विचारणारसुद्धा नाही. प्रेमिलाने दोन्ही नावं आधी कागदावर लिहिली, गुरुजींना मोठ्याने वाचायला लावली, आणि मगच एंटर दाबलं.

पडद्यावर काहीच आलं नाही.

"चालू हाये का?" गुरुजींनी विचारलं.

"ते बोलत नाही. आपल्यालेच विचारा लागते." पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीतून तिने इशारा पाठवला, तशी डीडीने एक ओळ टाकली: इतके तुकडे उचलले. खराब जागा आली की डिस्क टकटके, आकडा अडून राही. तिने आज्ञेला आधीच सांगून ठेवलं होतं, वाचता नाही आलं तर थांबू नको, तिथे शून्यं भर आणि पुढे जा.

अडचण लोडशेडिंगची होती. सकाळी दहाला लाइन जायची ती दुपारी परत यायची. म्हणून दहाला पाच मिनिटं असताना ती आकडा वहीत लिहून काम थांबवी, आणि वीज आली की तेवढे तुकडे सोडून पुढून सुरू करी. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी आज्ञा आपणहून संपली. चाळीस जीबीपैकी अगदी थोडी जागा शून्यांची निघाली.

मूळ डिस्क तिने पुन्हा रुमालात बांधली आणि नकलेवर आवाज शोधणारा प्रोग्राम चालवला. गुरुजींच्या वहीत एकशे बारा ध्वनिफितींची नोंद होती. प्रोग्रामने एकशे अठरा काढल्या.

सहा जास्त कुठून आल्या? प्रेमिलाला चैन पडेना. एकेक ऐकत गेली. पाच अर्धवट, खरखरीच्या. सहावी पूर्ण होती. एक बाई तावातावाने बोलत होती.

"गुर्जी, तुमी उलटं लिहून राहिले. डोक मासोळी म्हणजे मरळीचं पिल्लू नोहे. डोक बोटभर वाढते अन् तेवढीच राहते. तिच्या पोटात अंडे भेटते मले. पिल्लाच्या पोटात अंडे कुठून येतीन, सांगा!"

मग गुरुजींचा आवाज, "बरं बरं, पुढचं सांग," आणि फीत संपली.

गुरुजी आले तेव्हा तिने ती लावली.

"नवेगावची जमुनाबाई," ते म्हणाले. "ढिवरांची, मासोळ्या धरते. ही तं मी पुसली होती."

"पुसली म्हणजे यादीतून नाव खोडलं, गुरुजी. आवाज तिथंच पडून होता. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नाही, म्हणून भेटला. पण काऊन पुसली?"

"शाळेत तीस वर्षं पोरं माझ्यासमोर बसली. कोणी चूक दाखवली नाही. तिनं चार बायांसमोर दाखवली."

प्रेमिलाला त्यांची चूक काढायची नव्हती. तिला डोक बघायची होती. "चला ना नवेगावले," ती म्हणाली. "खरंच अंडी असतात का ते पाहू."

पाऊस सुरू झाल्यावर दोघं एसटीने नवेगाव बांधच्या तलावावर गेले. जमुनाबाई पाळीवर जाळं झटकत होती. गुरुजींना ओळखून म्हणाली, "आता कायले आले? माझं तं तुमाले पटत नाही."

"पटवून घ्याले आलो," गुरुजी म्हणाले.

तिने टोपलीत हात घालून वीतभरही नसलेली एक डोक काढली. विळ्याने पोट उघडलं. आत पिवळी दाणेदार अंडी होती. प्रेमिला एवढी वाकली की जमुनाबाईने तिला कोपराने बाजूला सारलं. गुरुजींनी पिशवीतून वही काढली, जुनी ओळ आडवी खोडली आणि जमुनाबाईला विचारलं, "अजून कोणतं चुकलं?"

संध्याकाळच्या गाडीपर्यंत नऊ ओळी खोडल्या गेल्या.

२०११ मध्ये गुरुजींची पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर सेवकराम कापगते आणि जमुनाबाई, अशी दोन नावं होती. पहिली प्रत द्यायला प्रेमिलाच गेली. जमुनाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मासोळ्यांची पानं तिने प्रेमिलाकडून सावकाश वाचून घेतली आणि आणखी दोन चुका काढल्या.