कबरीला लावलेलं तेल

आज हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये बायकोने कुंड्यांवर कडुनिंबाचं तेल फवारलं आणि काचीगुड्याचं आमचं परसदार आठवलं.

पाय दुखावल्याने वेगळी ठेवलेली कबरी कोंबडी बरी झाली होती. तिला सोडण्याआधी आईने सगळ्याच कोंबड्यांना ते तेल चोळलं. म्हणाली, "सगळ्यांना एकच वास आला की परत आलेलीला बाकीच्या टोचत नाहीत." खरंच, कबरीला कोणी टोचलं नाही.

सासरच्या माराला कंटाळून आलेली माझी धाकटी बहीण सुमन पायरीवरून बघत होती. "ये, मी आहे," असं मीच तिला सांगितलं होतं. पण शेजारी बोलायला लागले.

"सुमे, सासरी जायला उद्या सकाळची गाडी आहे," मी म्हणालो.

माझ्याकडे न बघता तिने आईपुढे हात केला. "आई, मलापण लाव की थोडं तेल."

सकाळी मीच तिला गाडीत बसवलं.