आपल्याच मशीनवर

चोरीची वस्तू मधुकर मास्तरांच्या घरात कधी आली नाही. शेजारच्या झाडाचा काजू पडून त्यांच्या अंगणात आला तरी ते तो गडग्यापलीकडे परत टाकीत. हळर्णहून रोज बसने पेडण्याला जाऊन ते शाळेत शिकवीत. तिथे एके काळी कुणीतरी दान केलेले जुने संगणक आले. त्यांवर विंडोज नव्हते, लिनक्स होते. हजारो अनोळखी माणसांनी मिळून लिहिलेली, कुणीही घ्यावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी अशी सिस्टीम. आसपास सगळे चोरीच्या सीडीवरून विंडोज घालत असताना अशी गोष्ट जगात आहे, याने मास्तर भारावून गेले. घरच्या मशीनवरही त्यांनी लिनक्सच घातले.

त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, साईशला, या कशाचे काही नव्हते. त्याला एक खेळ हवा होता, डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यावर गाड्या पळवायचा. वर्गातली पोरे दुसरे काही बोलत नसत. विकत आणलेला तो खेळ लिनक्सवर उघडतसुद्धा नव्हता. साईशने कुठून तरी विंडोजची सीडी आणली, ती मास्तरांनी दोन्ही हातांनी मोडली. विकतचे आणू या, असे त्यांची बायको शेवंती एकदा म्हणाली. प्रश्न पैशांचा नाही, मास्तर म्हणाले. तेवढेच म्हणाले.

मग साईश खेळायला म्हापशाला जाऊ लागला. तिथे एका इमारतीच्या तळमजल्यावर, काळ्या काचांच्या आड, तासावर पैसे देऊन संगणकावर खेळायची जागा होती. घरी मशीन असताना पोरगा मोटारसायकल मारत म्हापशाला जातो याचे मास्तरांना वाईट वाटे. पण त्यासाठी आपण काही बदलावे असे वाटत नसे. बारावीची परीक्षा संपल्यावर एका संध्याकाळी कोलवाळच्या अलीकडे समोरून मातीचा डंपर आला. ओळख पटवायला मास्तरच गेले.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे होते, पण माडावरून उतरत नव्हते. असे झाले की गेलेल्याचे काहीतरी राहिले आहे असे समजायचे, आणि जवळच्यांनी एकेक करून पुढे होऊन सांगायचे की आम्ही ते करू. मामा म्हणाला, आईला सांभाळू. काका म्हणाला, तुझी गाडी कुणाला देणार नाही. कावळे हलले नाहीत. ऊन डोक्यावर आले. बायका सहसा तिथे जात नाहीत, पण शेवंती गेली होती. मागून तिचा आवाज आला.

“खेळाचा सांगा त्याका.”

मास्तर पुढे झाले. “साईश,” ते म्हणाले, “तुझो खेळ मी चालवन दाखयतलंय.”

एका कावळ्याने मान वाकडी केली. मास्तरांनी इथेच थांबायला हवे होते. पण पोराच्या पिंडासमोर खोटा शब्द जाऊ नये, म्हणून त्यांनी जे खरे ते पुढे जोडले.

“आपल्याच मशिनीर. आपल्याच सिस्टमीर.”

कावळा उतरला. जमलेल्यांना हायसे वाटले. शेवंतीला वाटले नाही. या माणसाने पिंडापुढेसुद्धा अट घातली, आणि पोराने बिचाऱ्याने ती मान्य केली. आता ती पुरी होईपर्यंत तो अडकला.

विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवू पाहणारा एक प्रोग्राम आहे, वाइन त्याचे नाव. शाळा सुटली की मास्तर साईशच्या खोलीत घरच्या त्याच मशीनसमोर बसत, निवृत्त झाल्यावर तर दुपारभर. शेजारचा गोकुळदास तिठ्यावर सांगे, “मास्तर आमचो दिसभर वाइनीरच आसता.” लोक हसत. मास्तरांच्या कानावर ते येई आणि ते पुन्हा खोलीत जात. पहिली काही वर्षे नुसता काळा पडदा होता. मग काळ्या पडद्यामागून इंजिनाचा आवाज येऊ लागला. एका पावसाळ्यात रस्ता दिसला, त्यावर गाडी नव्हती. पुढे कधीतरी गाडी दिसली, तिला चाके नव्हती. दूरदेशीची माणसे त्यांच्या प्रश्नांना उत्तरे लिहीत, हे करून पाहा, ते करून पाहा. आपण हे कुणासाठी करतो, ते मास्तरांनी त्यांना कधी कळवले नाही.

दरम्यान जग पुढे गेले. एका मोठ्या खेळ कंपनीने त्या वाइनवरच प्रोटॉन नावाची नवी बांधणी केली, आणि मास्तर ज्यासाठी वर्षे घालवत होते ते एका बटणावर होऊ लागले. डिचोलीची त्यांची भाची तनया आली की आपल्या लॅपटॉपवर लिनक्समध्येच हवे ते खेळ खेळे, जणू त्यात काही विशेष नव्हते. मामा, नवी मशीन घे, ती म्हणे. पण शब्द या मशीनचा होता, आणि हिचे ग्राफिक्स कार्ड प्रोटॉनला पुरे पडण्याइतके नवे नव्हते.

दरवर्षी पितृपक्षात, म्हाळाच्या आदल्या दिवशी शेवंती विचारी, झाले का. अजून नाही, मास्तर म्हणत. दुसऱ्या दिवशी पितरांच्या पानांशेजारी साईशचे पान ठेवले की कावळा पहिला त्यावर येई. कावळा वडा उचली, आणि पोर अजून इथेच अडकले आहे असे समजून शेवंती तोंड फिरवून आत जाई.

यंदा गणपतीची चवथ झाल्यावर मास्तरांनी नेहमीसारखे अपडेट घातले. जगात कुठेतरी कुणीतरी बसून असली जुनी कार्डे चालवणारा प्रोग्राम, त्यांचा ड्रायव्हर, नीट केला होता. मास्तरांनी सवयीने खेळावर क्लिक केले आणि खेळ सुरू झाला. डोंगर आले, दरीतले धुके आले, चार चाकांवर लाल गाडी येऊन उभी राहिली. त्यांनी आजवर केलेल्या एकाही खटपटीचा त्यात वाटा नव्हता.

ते बघत राहिले. स्वयंपाकघरात शेवंतीच्या भांड्यांचा आवाज येत होता. तिला हाक मारायची, एवढेच उरले होते. हाक मारली की साईश सुटणार, आणि उद्या दुपारी या खोलीत यायला काही कारण राहणार नाही. मास्तरांनी खेळ बंद केला. म्हाळाच्या आदल्या दिवशी शेवंतीने विचारले तेव्हा, आयुष्यात खोटे न बोललेला तो माणूस म्हणाला, “अजून ना.”

दुसऱ्या दिवशी मागच्या गडग्यावर पाने ठेवली. पितरांच्या पानांवर कावळे आले. साईशच्या पानाला एकही शिवला नाही. शेवंती उभी राहून बघत होती. हळूहळू तिच्या तोंडावरचे काहीतरी सैल पडले.

“गेलो तो,” ती म्हणाली. मग वळून तिने मास्तरांकडे पाहिले. “चल्लो तर तुमचो खेळ.”

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

“आणि तुमी त्याका धरून ठेवलात.”

ती खोलीत गेली, ते मागून गेले. दाखवा, ती म्हणाली. त्यांनी खेळ लावला. इतकी वर्षे झगडून त्यांना तो खेळता मात्र येत नव्हता. पहिल्याच वळणावर गाडी दरीत गेली. पडदा क्षणभर काळा झाला आणि गाडी रस्त्यावर पुन्हा उभी होती, एक ओरखडासुद्धा नाही.

“परत येता?” शेवंतीने विचारले.

“खेळात येता.”

गाडी पुन्हा पडली आणि पुन्हा रस्त्यावर आली. असे काही वेळा झाल्यावर शेवंतीने हात लांब करून भिंतीवरचे बटण बंद केले आणि पदराने तोंड पुसले. तिचा चेहरा लहानखुरा, शांत दिसत होता. तो असा मास्तरांनी दहाव्यानंतर पाहिला नव्हता.

तिच्या पाठीमागच्या खिडकीतून गडगा दिसत होता. उशिराने आलेला एक कावळा साईशच्या पानावर उभा राहून वडा फोडत होता. मास्तरांनी तो पाहिला. मग ते पुढे झाले, खिडकी ओढून घेतली, आणि पाने गाईला घालायला आपणच जातो म्हणाले.