विहीणबाईंच्या गिटारीतला भुंगा

वाद्यं आणि स्पीकर दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना सगळे डागकाकू म्हणत. वायर जोडताना सोल्डरचा डाग द्यावा लागतो, त्यावरून पडलेलं हे नाव. वडिलांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं, त्यामुळे इतर मुली बाहुल्यांचे केस विंचरायच्या त्या वयात यांच्या हातात सोल्डरिंग आयर्न आलं. लग्नानंतर सासऱ्यांनी आधी नाक मुरडलं. पण त्यांचा बंद पडलेला रेडिओ नव्या सुनेच्या हातून बोलायला लागला, तेव्हा पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल त्यांनीच मांडून दिलं. तेच काकूंचं दुकान.

इलेक्ट्रिक गिटार आली की काकू स्क्रू ड्रायव्हरला हात लावायच्या आधी कान लावायच्या. गिऱ्हाइकाला गिटार गळ्यात घालून जागच्या जागी फिरायला सांगायच्या, शिंप्याकडे माप देताना फिरतात तसं. फिरताना गुणगुण कमीजास्त झाली, तर ती बाहेरच्या कुठल्यातरी यंत्रातून येतेय. बटण फिरवताना खरखरलं, तर आत धूळ. आणि तारांवर हात ठेवूनही गुणगुण दबली नाही, तर अर्थिंगची वायर सुटलेली. वादकाचं अंग बाहेरचा आवाज गोळा करतं आणि ती वायर त्याला जमिनीकडे वाट करून देते, एवढं साधं ते गणित. गाढ झोपेतून उठवलं असतं तरी काकूंनी ते सांगितलं असतं.

पण एकदा एक गिऱ्हाईक असं आलं की काकूंची भंबेरी उडाली. दारात त्यांच्या विहीणबाई उभ्या होत्या, लेकीच्या सासूबाई. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या, ताठ मानेच्या, मोजकं बोलणाऱ्या. लेकीच्या लग्नापासून दोघींचं बोलणं तब्येत आणि हवापाणी यांच्या पलीकडे गेलं नव्हतं. आणि आज त्यांच्या खांद्याला चक्क गिटारीची पिशवी होती.

"आवाज येतो," विहीणबाई म्हणाल्या. "मी वाजवते तो नव्हे. दुसरा."

निवृत्त झाल्यावर हौसेने शिकायला लागल्या होत्या. कॉलेजात असल्यापासूनची इच्छा. पण गिटार अँप्लिफायरला लावली रे लावली की भुंगा अडकल्यासारखी घुं सुरू व्हायची. यजमान म्हणायचे, तुझ्या वाजवण्यापेक्षा तो भुंगा बरा सुरात आहे.

काकू इतक्या गडबडल्या की विहीणबाईंना फिरायला सांगणं त्यांना जमेना. लेकीच्या सासूला गरागरा कसं फिरवायचं? तारांवर हात ठेवून बघायचंही राहून गेलं. गिटार लावली तर दुकानात घुं जेमतेम ऐकू येत होती, खरखरत होतं ते आवाजाचं बटण. काकूंनी ते उघडून साफ केलं, खरखर गेली, आणि "झालं हो, आता बघायला नको," असं सांगून पाहुणीची बोळवण केली.

दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन आला. भुंगा जागच्या जागी होता. दुसरं कुणी असतं तर काकूंनी फोनवरच चार प्रश्न विचारले असते, पण इथे लेकीच्या सासरी त्यांच्या कामाची लाज गेली होती. त्यांनी हत्यारांची पेटी उचलली आणि थेट व्याह्यांचं घर गाठलं.

बैठकीच्या खोलीत पडदे ओढलेले होते. व्याही कोपऱ्यातल्या दिव्याखाली आरामखुर्चीत वाचत पडले होते. विहीणबाईंनी गिटार लावली आणि घुं सुरू झाली. आता काकूंनी भीड बाजूला ठेवली. "विहीणबाई, तारांवर पंजा ठेवा," त्या म्हणाल्या. ठेवला, तरी घुं तशीच. मग जिथे वायर खोचतात त्या धातूच्या खोबणीला बोट लावायला सांगितलं, तर घुं दबली. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. जे काल पहिल्या झटक्यात कळलं असतं, ते त्यांनी बघितलंच नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरून त्यांनी गिटार उघडली. तारा खाली ज्या पट्टीत अडकवतात, तिच्याकडे जाणारी बारीक वायर तुटून लोंबत होती. आयर्न तापेपर्यंत विहीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, मग खुर्ची ओढून बसल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी देऊ का डाग?"

काकूंनी आयर्न त्यांच्या हातात दिलं. पहिला डाग हरभऱ्याएवढा गोळा झाला. काकूंनी तो काढला आणि सांगितलं, आधी वायर तापवा, सोल्डर आपणहून धावत येतं. दुसरा डाग चांगला चपटा, चकचकीत बसला. ज्यांच्यासमोर आजवर काकू कपबशीसुद्धा जपून ठेवायच्या, त्या विहीणबाई नाकावर काजळी लावून स्वतःशीच हसत होत्या.

गिटार पुन्हा लावली. तारांवर हात ठेवला की आता भुंगा दबत होता, पण पुरता मरत नव्हता. मग काकूंनी त्यांना फिरायला सांगितलं. खिडकीकडे तोंड, थोडासा आवाज. दाराकडे तोंड, जवळजवळ काहीच नाही. कोपऱ्याकडे वळल्या आणि घुं वाढली. कोपऱ्यात व्याही होते.

त्यांनी पुस्तकाआडून बघितलं. "माझ्यातून काही येत नाही हं," ते म्हणाले.

त्यांच्यातून नव्हे, त्यांच्या दिव्यातून येत होतं. डोळ्यांना सुखावेल असा उजेड हवा, म्हणून दिवा मंद करायचं बटण त्यांनी हौसेने स्वतः बसवलं होतं. उजेड अर्धा झाला की ते बटण विजेची बारीक फडफड खोलीभर सोडायचं आणि गिटारीतलं चुंबक ती अचूक झेलायचं. काकूंनी दिवा बंद केला आणि भुंगा गप्प झाला. लावला, तर हजर. व्याह्यांना पटेना, म्हणून त्यांनी स्वतः उठून दोनतीनदा करून पाहिलं.

"म्हणजे इतके दिवस माझ्या वाजवण्याला जी नावं ठेवलीत," विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "ती तुमच्या दिव्याला होती."

व्याह्यांना स्वतःचंच हसू आवरेना. जाऊन लगेच साधं बटण आणि कमी उजेडाचा बल्ब आणतो म्हणाले, आणि खरंच चपला घालून निघाले. ते परत येईपर्यंत विहीणबाईंनी दिवा बंद करून पडदे उघडले, अँप्लिफायरचा आवाज वाढवला आणि एक सुरावट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. मध्ये दोनदा अडखळल्या. पण तार थांबली की खोलीत नुसती शांतता राहायची, आणि तेवढ्यासाठी त्या मुद्दाम थांबत होत्या, हे काकूंच्या लक्षात आलं.

त्यानंतर विहीणबाई काकूंच्या टेबलाशी वरचेवर दिसायला लागल्या. चष्मा नाकावर ओढून जुन्या वायरी सोडवायच्या, डाग द्यायच्या, आणि तोंडाने वर्गातल्या गमती सांगत राहायच्या. लेक एकदा कुरकुरली की माहेरी फोन केला तर सासू उचलते आणि म्हणते, नंतर कर, आता आमचे दोघींचे हात अडकलेत.